विस्मयाची मोजदाद : एका संगणकीय खेळातील अद्भुताचा करार

१

अद्भुताकडे पाहण्याची समीक्षेची दृष्टी दीर्घकाळ काहीशी पालकत्वाची राहिली आहे. मराठी वाङ्मयेतिहासात ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मंजुघोषा’ (१८६८) यांचा उल्लेख होतो तो बहुधा पुढे येणाऱ्या वास्तवलक्ष्यी कादंबरीची पूर्वावस्था म्हणून. त्या कादंबऱ्यांच्या वाचकाला नेमके काय मिळत होते, आणि जे मिळत होते ते कोणत्या अटींवर, हा प्रश्न बाजूलाच राहतो. अद्भुत म्हणजे कल्पनेचा निर्बंध विलास, तेथे ‘काहीही चालते’, अशी एक समजूत या उपेक्षेच्या मुळाशी आहे. वस्तुतः अद्भुतात काहीही चालत नाही. अद्भुताच्या वाचकाइतका नियमांविषयी काटेकोर वाचक क्वचितच आढळेल.

या विधानाची कसोटी पाहण्यासाठी येथे घेतलेले उदाहरण साहित्याच्या रूढ सीमेबाहेरचे आहे. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा संगणकीय खेळ अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पिढीतले बहुतेक खेळ ज्या यंत्रांसाठी लिहिले गेले त्यांच्याबरोबरच कालबाह्य झाले. हा मात्र पाव शतक उलटल्यावरही, विशेषतः पोलंड, रशिया आणि पूर्व युरोपातील अन्य देशांत, निष्ठेने खेळला जातो. परंतु त्याची निवड केवळ लोकप्रियतेमुळे केलेली नाही. प्रसिद्धीच्या वर्षीच त्याच्या खेळाडूंनी निर्मात्यांना एक संपूर्ण नियोजित नगर रद्द करावयास लावले. कृतीच्या अर्थावर अधिकार कोणाचा, निर्मात्याच्या योजनेचा की ग्राहकाच्या अपेक्षेचा, हा समीक्षेतील जुना वाद येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरला.

खेळाला ‘संहिता’ म्हणावे काय, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात ज्या कृतींमध्ये वाचकाला केवळ पाने उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात त्यांची स्वतंत्र कोटी कल्पिली. ती मान्य केली तरी खेळ आणि कथा एकरूप होत नाहीत. खेळात एक गोष्ट कथेतून सांगितली जाते आणि दुसरी नियमांतून, आणि या दोन्ही गोष्टी एकच असतील असे नाही. प्रस्तुत विवेचनाचा रोख या अंतराकडे आहे.

२

‘न्यू वर्ल्ड कंप्युटिंग’ या संस्थेची स्थापना जॉन व्हॅन केनेगम यांनी सहकाऱ्यांसमवेत १९८४ साली कॅलिफोर्नियात केली. १९८६ मध्ये त्यांचा ‘माइट अँड मॅजिक’ हा पहिला खेळ आला. वरकरणी तो तलवारी, मंत्र आणि भुयारे यांच्या परिचित जगातला होता. परंतु शेवटाकडे येता येता हे सारे जग अंतराळातील एका प्रचंड कृत्रिम रचनेचा भाग असल्याचे उघड होत असे. म्हणजे या विश्वाच्या पायाभरणीतच विज्ञानकथा होती. पुढील खेळांतही ‘प्राचीन’ या नावाने ओळखली जाणारी प्रगत संस्कृती पार्श्वभूमीला राहिली, आणि १९९८ च्या सहाव्या भागात तर सैतान म्हणून वावरणारे जीव परग्रहावरून आलेले आक्रमक निघाले.

दुसरी धारा ‘किंग्ज बाउंटी’ (१९९०) या खेळाची. त्यात नायक सैन्य जमवत नकाशाभर हिंडतो, ठरलेल्या दिवसांत हरवलेला राजदंड शोधतो आणि युद्धप्रसंगी पटावर सैन्यांच्या चाली करतो. या दोन धारांच्या संगमातून १९९५ साली ‘हीरोज’ मालिकेचा पहिला भाग आणि १९९६ साली दुसरा भाग निर्माण झाला. १९९६ मध्येच ही संस्था ‘थ्रीडीओ’ या कंपनीच्या मालकीची झाली. तिसऱ्या भागाचे दिग्दर्शन डेव्हिड म्युलिच यांचे आणि मुख्य रचना ग्रेगरी फुल्टन यांची.

या वंशावळीतील एक बाब लक्षात घ्यावी लागते. मूळ मालिकेत खेळाडू कथेच्या अंतापर्यंत जात असे आणि तेथे त्याला विश्वाचे वैज्ञानिक रहस्य भेटत असे. ‘हीरोज’मध्ये बहुसंख्य डाव स्वतंत्र नकाशांवर खेळले जातात, तेथे कथेला अंत असा नसतोच, असतो तो केवळ जय किंवा पराजय. परिणामी विश्वाचे रहस्य निर्मात्यांपाशी राहिले आणि खेळाडूंपाशी आले ते त्या विश्वाचे दर्शनी रूप : किल्ले, अरण्ये, स्मशाने, ड्रॅगन. पुढील संघर्षाचे बीज या विभागणीत आहे.

३

खेळाचा घाट थोडक्यात असा. आठ प्रकारची नगरे. प्रत्येक नगरात योद्ध्यांच्या वा प्राण्यांच्या सात चढत्या पायऱ्या. प्रत्येक पायरीची एक साधी आणि एक सुधारित अवस्था. संपत्ती सात प्रकारची : सुवर्ण, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक आणि रत्ने. आठवडा सात दिवसांचा, महिना चार आठवड्यांचा. एका नगरात एका दिवशी एकच इमारत उभारता येते, आणि सैन्याची नवी भरती आठवड्याच्या आरंभी होते. नायकासोबत सैन्याच्या सात तुकड्या असू शकतात. युद्ध षट्कोनी घरांच्या पटावर, आळीपाळीने, कोणतीही घाई न करता होते. एकाच संगणकासमोर अनेकांना पाळीपाळीने बसून खेळता येईल अशीही सोय त्यात होती. बुद्धिबळाच्या पटाभोवती जमणाऱ्या मंडळींना ही बैठक अनोळखी वाटू नये.

या घाटात विस्मयाचे काय होते, हे पाहणे उद्बोधक आहे. देवदूत हा या खेळातील एका नगराचा सर्वोच्च योद्धा. त्याची किंमत ३००० सुवर्णनाणी आणि एक रत्न. त्याची प्राणशक्ती २००. त्याच नगरातील भालाईताची किंमत ६० नाणी आणि प्राणशक्ती १०. मूळ वाढीनुसार आठवड्याला भालाईत चौदा मिळतात, देवदूत एकच. जे अप्रमेय असावयाचे ते येथे मोजले गेले आहे. वरवर पाहता हा अद्भुताचा अंतच होय. तथापि खेळाडूचा अनुभव निराळा आहे. देवदूत दुर्मिळ आहे, त्याच्यासाठी दिवस मोजावे लागतात, इमारतींचा क्रम लावावा लागतो, रत्नांची खाण जिंकावी लागते. तेव्हा कोठे तो पटावर उभा राहतो. त्याचे मोल विधानातून येत नाही, विलंबातून येते.

नकाशावरील अनोळखी सैन्यांच्या बाबतीत ही योजना अधिक सूक्ष्म होते. ती किती आहेत हे खेळ सहसा अंकांत सांगत नाही, शब्दांत सांगतो. ‘थोडे’पासून ‘अक्षौहिणी’सारख्या प्रचंडतावाचक शब्दापर्यंत नऊ इंग्रजी शब्दांची चढती मालिका त्यासाठी योजिली आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ एक ते चार, शेवटच्याचा एक हजार वा अधिक. मुरलेला खेळाडू हे कोष्टक पाठ करतो, तरी शब्दाच्या पोटात संदिग्धता उरतेच : जो शब्द पन्नासांसाठी, तोच नव्याण्णवांसाठी. हल्ला करावा की माघार घ्यावी हा निर्णय त्या संदिग्धतेत घ्यावा लागतो. अंक दिसतो तो लढाई सुरू झाल्यावर. या मालिकेतील आठवा शब्द, पाचशे ते नऊशे नव्याण्णव या संख्येसाठी योजलेला, नाम नसून ‘झाउंड्स’ हा जुन्या इंग्रजीतील उद्गार आहे. संख्यावाचक नामे थकली तेथे रचनाकारांनी केवलप्रयोगी अव्यय वापरले. उद्गारालाच परिमाण द्यावे, ही या खेळाची प्रकृती त्यातून स्पष्ट होते. वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेत ज्या रिक्त जागांचे महत्त्व सांगितले, तशी रिक्त जागा येथे शब्द आणि अंक यांच्या मधोमध आहे. आणि ती भरताना वाचकाचे केवळ अनुमान नव्हे, तर त्याचे सैन्य पणाला लागते.

भरताच्या रसविचारात अद्भुताचा स्थायीभाव विस्मय आणि वीराचा उत्साह होय; शिवाय वीरापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितलेली आहे. पराक्रम पाहून प्रेक्षक विस्मित होतो, असा तो क्रम. या खेळात क्रम उलटतो. येथे विस्मय आधी आहे. तो मोजला जातो, राखला जातो, कामी लावला जातो आणि त्यातून उत्साह निष्पन्न होतो. खेळाडू प्रेक्षक नसून आश्रय आहे, म्हणून असे घडते. ज्याला ‘आकर्षण’ म्हटले जाते ते बहुतांशी या रूपांतराचे आकर्षण आहे. ‘आणखी एक दिवस’ म्हणत रात्र उलटते, कारण पुढच्या सोमवारी काहीतरी अपूर्व आणि तरीही हिशेबातले घडणार असते.

४

या जगातील प्राणिसृष्टी कोठून आली? मिनोटॉर, मेड्यूसा, पेगॅसस, सेंटॉर ग्रीक परंपरेतून. बटू आणि एल्फ उत्तर युरोपातून. जिन आणि इफ्रीत अरबी कथाविश्वातून. बेहेमॉथ हिब्रू बायबलातून. आणि ‘नाग’ भारतातून. प्रत्येक जीव आपल्या मूळ कथेतून उचललेला आहे आणि उचलताना कथा मागे राहिली आहे. ग्रीक पुराणात मेड्यूसा ही गॉर्गन भगिनींपैकी एक. खेळात मेड्यूसा एका नगरात आहे आणि ‘गॉर्गन’ नावाचा बैलासारखा पशू दुसऱ्याच नगरात. हा घोटाळा खेळकर्त्यांनी नव्याने केलेला नव्हे; एडवर्ड टॉपसेल या इंग्रज लेखकाच्या चतुष्पादवर्णनात (१६०७) गॉर्गन हा खवले असलेला पशू म्हणूनच येतो. संकेतांच्या प्रवासात नाव एकीकडे जाते आणि रूप दुसरीकडे, त्याचे हे ठळक उदाहरण.

नागाचे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. महाभारतातील नागांना कुळे आहेत, कद्रूचा शाप आहे, जनमेजयाच्या सत्राचे भय आहे, उलूपीसारखी नागकन्या अर्जुनाची पत्नी होऊ शकते. खेळातील नाग ही सहा हातांत तलवारी धरलेली सर्पदेही स्त्री आहे, आणि ती बर्फाळ प्रदेशातील किमयागारांच्या नगरात राहते. तिच्या हल्ल्यावर शत्रूला प्रतिवार करता येत नाही, एवढेच तिचे चरित्र. बहुभुज मूर्तींची आठवण करून देणारे तिचे रूप उरले, वंशकथा उरली नाही. ही सांस्कृतिक लूट म्हणून तिचा निषेध करणे सोपे आहे. परंतु त्या न्यायाने मेड्यूसाचीही लूट झाली आहे. खेळ भेदभाव न करता सर्वच पुराणांची मुळे छाटतो आणि सर्वांना सात पायऱ्यांच्या एकाच शिडीवर उभे करतो. प्रतिवाराचा तो एक नियम मात्र कथेची जागा घेऊ लागतो : नागिणीवर उलट वार करता येत नाही ही गोष्ट खेळाडू वाचून शिकत नाही, हरून शिकतो.

मुळे छाटलेल्या या समुदायाला एकत्र राखणारा एक नियम महत्त्वाचा आहे, मनोधैर्याचा. एकाच नगराचे योद्धे सैन्यात असतील तर मनोधैर्य वाढते. निरनिराळ्या नगरांची सरमिसळ जसजशी अधिक, तसतसे ते घटते. आणि जिवंतांच्या सैन्यात मृतांची तुकडी मिसळली तर आणखी घटते. जिन इफ्रीताचा द्वेष करतो, देवदूत सैतानाचा. या द्वेषाला वाढीव आघाताचे परिमाण आहे. नियमांची शिकवण अशी की शुद्धी हे बळ आणि मिश्रण ही दुर्बलता.

कथा मात्र नेमके उलट सांगते. एराथिया राज्याचा राजा ग्रिफनहार्ट मरण पावतो. परदेशात असलेली त्याची कन्या कॅथरिन परतते. राजाच्या मृतदेहाला मांत्रिक पुन्हा उठवतात आणि तो त्यांच्याच आवाक्याबाहेर जातो. अखेरीस कॅथरिन त्याच मृतसंजीवकांशी हातमिळवणी करून आपल्या पित्याच्या प्रेतरूपाचा अंत घडवते. म्हणजे कथेच्या कळसाला मिश्रण हाच एकमेव मार्ग ठरतो. एकाच कृतीत कथेचा आशय आणि नियमांचा आशय परस्परविरोधी आहेत. कथा एकदा ऐकली जाते. नियम प्रत्येक डावात आचरावा लागतो. संस्कार कोणाचा खोल होणार हे सांगावयास नको.

५

१९९९ मध्येच या खेळाची ‘आर्मगेडन्स ब्लेड’ ही विस्तार-आवृत्ती तयार होत होती. तीत ‘फोर्ज’ नावाचे नववे नगर योजिले होते. त्याच वर्षीच्या ‘माइट अँड मॅजिक ७’ या खेळाला दोन शेवट होते. त्यांतील दुष्ट पक्षाच्या विजयाचा शेवट खरा मानून, प्राचीनांच्या यंत्रविद्येने सज्ज झालेल्यांचे हे नगर कल्पिले होते : प्रेते आणि यंत्रे यांचा संकर, भविष्यकालीन शस्त्रे, धूर ओकणारे कारखाने. निर्मात्यांच्या दृष्टीने यात विसंगत काहीच नव्हते. १९८६ पासून हे विश्व असेच होते.

नगराची चित्रे पुढे येताच खेळाडूंमध्ये क्षोभ उसळला. निषेधाची पत्रे आली, बहिष्काराची भाषा झाली. संस्थेने ‘फोर्ज’ मागे घेतले आणि त्याच्या जागी पंचमहाभूतांची आठवण देणाऱ्या मूलतत्त्वांचे ‘कॉन्फ्लक्स’ हे नगर दिले. त्याच्या शिखरावर फिनिक्स होता, मालिकेच्या आधीच्या भागांतला जुना पक्षी. दुष्ट पक्षाचा तो शेवटही त्याबरोबर रद्दबातल ठरला. ग्राहकांच्या क्षोभाने काल्पनिक विश्वाच्या इतिहासातील एक पर्याय कायमचा मिटवला.

या घटनेचे एक स्पष्टीकरण हान्स रोबर्ट याउस यांच्या ‘अपेक्षांच्या क्षितिजा’च्या आधारे देता येईल : मांत्रिकांच्या जगात यंत्रे आली आणि क्षितिज भंगले. पण हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण यंत्रे आधीपासूनच होती. किमयागारांच्या नगरात लोखंडी पुतळे चालत-लढत होते. प्रत्येक नायक यंत्रधनुष्य बाळगू शकत होता. त्यांना कोणी हरकत घेतली नाही. हरकत यंत्राला नव्हती, त्याच्या काळाला होती. लोखंडी पुतळा मंत्राने चालतो आणि भूतकाळातला आहे. ‘फोर्ज’चे यंत्र भविष्यातले होते. नाग, जिन, मेड्यूसा आणि देवदूत यांच्यात साम्य एकच : हे सारे जुने आहेत. भूगोलाने त्यांना वेगळे केले होते, प्राचीनत्वाने एकत्र आणले. हे प्राचीनत्व हाच अद्भुताचा अलिखित करार होता आणि ‘फोर्ज’ने तो मोडला.

खेळाडूंच्या प्रतिक्रियेचे रूपही विचारात घेण्याजोगे आहे. जो नियम खेळाने त्यांना डावामागून डाव शिकवला, सरमिसळीने बळ घटते, तोच त्यांनी खुद्द खेळाला लावला. त्यांचे मनोधैर्य घटले, असे शब्दशः म्हणता येईल. कर्त्याने कथेच्या आधाराने युक्तिवाद करावा आणि ग्राहकाने नियमाच्या आधाराने तो फेटाळावा, असा हा प्रसंग. कर्ता हरला, कारण त्याची खरी संहिता कथा नव्हतीच; आणि ग्राहक जिंकला तो ज्या शुद्धीच्या कल्पनेवर, ती कल्पनाच मुळात एका विलक्षण मिश्रणाच्या पोटी जन्मली होती याचे भान न ठेवता.

६

पुढील इतिहास या निष्कर्षाला एक वळण देतो. २००० साली ‘द शॅडो ऑफ डेथ’ ही दुसरी विस्तार-आवृत्ती आली, २००२ मध्ये मालिकेचा चौथा भाग. २००३ साली ‘थ्रीडीओ’ दिवाळखोर झाली आणि मालिकेचे हक्क ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने सुमारे १३ लाख डॉलरना घेतले. २०१५ मध्ये तिने तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती काढली, पण दोन्ही विस्तारांविना. त्यांची वापरण्याजोगी मूळ संगणकसंहिता हाती नाही, असे कारण देण्यात आले. छापील ग्रंथाच्या पाठचिकित्सेत हस्तलिखित हरवणे ही परिचित आपत्ती आहे. जेमतेम पंधरा वर्षांपूर्वीच्या कृतीवर ती यावी, हे या माध्यमाच्या नाजूकपणाचे द्योतक होय.

संहिता टिकवली ती खेळाडूंनी. रशियन भाषकांचा भरणा असलेल्या एका हौशी गटाने ‘हॉर्न ऑफ द अबिस’ हा विस्तार रचला. २०११ च्या अखेरीस त्यात चाच्यांचे एक नवे नगर आले. आणि २०२३-२४ च्या सांध्यावर त्याच गटाने आणखी एक नगर प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘फॅक्टरी’. त्यात यंत्रज्ञ आहेत, बंदूकधारी आहेत, स्वयंचलित यंत्रे आहेत. ज्या समाजाने १९९९ मध्ये कारखाना नाकारला, त्याच समाजातील निष्ठावंतांनी चोवीस वर्षांनी तो उभारला.

याला विसंगती म्हणता येणार नाही. ‘फॅक्टरी’ची यंत्रे वाफेची, खटक्यांची आणि पितळेची आहेत, मधल्या काळात एकोणिसावे शतकच पुरेसे जुने झाले होते. अद्भुताचा करार मोडला गेला नाही, त्याची काळमर्यादा सरकली. दुसरेही कारण आहे. हे नगर सात पायऱ्यांच्या त्याच शिडीवर, त्याच आठवड्याच्या गणिताने, नियमांत वर्षानुवर्षे मुरलेल्यांनी बांधले. वरून आलेली घोषणा म्हणून नव्हे, तर परंपरेच्या आतून झालेली भर म्हणून ते आले. महाकाव्यांत प्रक्षेप स्वीकारले गेले ते बहुधा याच प्रकारे : छंद पाळला गेला तर आशयाला वाट मिळे.

अद्भुतात काहीही चालत नाही, हे आरंभीचे विधान आता थोडे नेमके करता येते. काय चालते हे कर्ता एकटा ठरवत नाही आणि वाचकाची आवडनिवडही एकटी ठरवत नाही; ते ठरवते कृतीने वाचकाच्या अंगी बाणवलेली नियमव्यवस्था. तिची ताकद मोठी असते, आणि धोकाही तिच्यातच असतो : मिश्रणातून जन्मलेल्या जगाचा रहिवासी शुद्धीचा आग्रह धरू लागतो आणि हा आग्रह स्वाभाविक आहे असे त्याला वाटते. ‘मंजुघोषा’च्या वाचकापुढे असे कोणते कोष्टक होते, ते कोणत्या फारसी, संस्कृत आणि लोककथांच्या मिश्रणातून घडले होते, आणि वास्तववादाच्या आगमनाने त्यातील काय नामशेष झाले, हे तपासण्याचे काम मराठी समीक्षेपुढे अद्याप आहे. ते करताना त्या कादंबऱ्यांतील प्रसंगांची यादी पुरणार नाही. त्यांच्या वाचकाला कोठे थांबवले गेले, कशाची वाट पाहावयास लावले गेले आणि कोणत्या गोष्टीला त्याने कधीच मान्यता दिली नसती, हे विचारावे लागेल.